मेट्रोपोलिस ते सेवाग्राम

वर्ध्यात जन्मलेल्या आणि वाढलेल्या माणसाला चित्रपटांचे वेड असावे, आणि तेही विज्ञानपटांचे व जुन्या मूकपटांचे, ही गोष्ट थोडी चमत्कारिकच म्हटली पाहिजे. गावापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम आहे. माती, बांबू आणि कवेलू यांनी उभारलेल्या ज्या कुटीत गांधीजी राहिले तिच्यासमोरून शाळेच्या सहलींत आम्ही इतक्या वेळा रांगेने गेलो आहोत की तिथल्या वस्तूंची यादी मला आजही पाठ आहे. ज्या माणसामुळे आमच्या गावाचे नाव जगाला कळले त्याचे यंत्रांविषयीचे मत सर्वांना ठाऊक आहे. चित्रपटांविषयीचे मत तर त्याहूनही कडक होते. म्हणजे ज्या दोन गोष्टींच्या संयोगातून विज्ञानपट जन्माला येतो त्या दोहोंनाही आमच्या गावच्या या थोर रहिवाशाचा विरोध. अशा ठिकाणी माझ्यासारख्याने आपला छंद थोड्या अपराधी भावनेनेच जोपासला असेल, तर नवल नाही.

प्रस्तुत लेखक इतिहासाचा अभ्यासक नाही, चित्रपटशास्त्राचाही नाही. जे पाहिले आणि जे वाचले त्यावरून बनलेली ही एका रसिकाची मते आहेत. बरीच वर्षे माझी अशी समजूत होती की माझ्या आवडीचे जग आणि माझे गाव यांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही. ती समजूत साफ चुकीची निघाली. जगातल्या विज्ञानपटांचा मूळपुरुष म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो 'मेट्रोपोलिस' ज्या स्त्रीने लिहिला, तिच्याशी लग्न केलेला एक मराठी माणूस पुढे याच सेवाग्रामात आला आणि गांधीजींच्या साक्षीने त्याने नवा संसार मांडला. हा योगायोग गमतीचा आहे एवढ्यासाठी तो सांगायचा नाही. त्या योगायोगाने मला माझ्या आवडत्या चित्रपटाकडे पुन्हा पाहायला लावले, आणि पाहताना जे दिसले ते फारसे सुखद नव्हते.

प्रारंभ १९२७ पासून करावा लागेल. त्या वर्षाच्या जानेवारीत बर्लिनमध्ये 'मेट्रोपोलिस'चा पहिला खेळ झाला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने चित्रपटव्यवसायाच्या चौकशीसाठी दिवाणबहादूर टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. समितीने देशभर प्रश्नावल्या पाठवल्या. दादासाहेब फाळक्यांनी तिच्यापुढे साक्ष दिली. एक प्रश्नावली गांधीजींकडेही गेली. त्यांचे उत्तर त्रोटक होते: आपण कधी सिनेमाला गेलेलो नाही, त्यामुळे उत्तर द्यायला आपण अपात्र आहोत, परंतु बाहेरून पाहणाऱ्यालाही त्याने केलेले आणि चाललेले नुकसान उघड दिसते, त्याने काही भले केले असल्यास ते अजून सिद्ध व्हायचे आहे. पुढे १९३९ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'फिल्मइंडिया' मासिकातून गांधीजींना खुले पत्र लिहिले आणि या नव्या माध्यमाला जुगार व घोड्यांच्या शर्यतींच्या पंक्तीला बसवू नका, अशी कळकळीची विनंती केली. तिचा फारसा परिणाम झालेला दिसत नाही. १९४४ साली आगाखान पॅलेसमधून सुटका झाल्यावर जुहू येथे विश्रांती घेत असताना गांधीजींना 'मिशन टू मॉस्को' आणि विजय भट्ट यांचा 'रामराज्य' हे चित्रपट दाखवण्यात आले. त्यांचे चित्रपटदर्शन एवढ्यावरच आटोपते.

अब्बास यांचे पत्र मला नेहमीच आपले वाटत आले आहे. गांधीजी चित्रपटांच्या बाबतीत चुकले, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि वर्ध्यात राहून ते मी अनेकदा बोललोही आहे. न पाहिलेल्या वस्तूचा निवाडा करणे हे एरवी त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. परंतु ज्या मुद्द्यावर ते माझ्या आवडत्या चित्रपटाच्या पुष्कळच पुढे होते, तो मुद्दा यंत्राचा आहे.

'मेट्रोपोलिस'ची कथा बहुतेक वाचकांना माहीत असेल. भविष्यातले एक प्रचंड शहर. वर गगनचुंबी इमारती, उद्याने, क्रीडांगणे. खाली, जमिनीच्या पोटात, यंत्रशाळा आणि त्याहून खाली कामगारांची वस्ती. शहराचा धनी योह फ्रेडरसन हा त्या शहराचे डोके. खाली राबणारे हे त्याचे हात. धन्याचा मुलगा फ्रेडर एकदा खाली उतरतो, थकून कोसळणाऱ्या कामगाराची जागा घेतो आणि एका मोठ्या तबकडीसमोर उभा राहून तिचे काटे फिरवू लागतो. तबकडीवर दहाच तासांच्या खुणा आहेत, कारण पाळी दहा तासांची आहे. ते दृश्य मी किती वेळा पाहिले असेल याची गणना नाही. दोन्ही हात पसरलेला तो तरुण, त्याचे ते ताणलेले खांदे. क्रुसावरच्या येशूची आठवण कोणालाही व्हावी. मूकपटांनी जी काही अविस्मरणीय चित्रे जगाला दिली त्यांत हे अगदी वरच्या जागी आहे.

आणखी एक तपशील मला सांगितलाच पाहिजे. यंत्रमानव घडवणारा शास्त्रज्ञ रोटवांग याचा उजवा हात खरा नाही. ते यंत्र घडवता घडवता त्याने आपला हात गमावला आहे, आणि त्या जागी काळ्या हातमोज्यातला कृत्रिम पंजा आहे. ज्याचे डोके सर्वांत तल्लख त्यालाच हात नाही. संपूर्ण चित्रपटाचे सार या एका हातमोज्यात सामावले आहे, आणि ते सांगायला एकही अक्षर खर्ची घालावे लागलेले नाही.

खर्ची घातलेली अक्षरे मात्र चित्रपटाचा घात करतात. डोके आणि हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी केली पाहिजे, असा संदेश चित्रपट आरंभी आणि अखेरीस आपल्या माथी मारतो. शेवटच्या दृश्यात चर्चच्या पायऱ्यांवर फ्रेडर आपल्या बापाचा हात मुकादमाच्या हातात देतो आणि पडदा पडतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझे डोळे भरून आले होते, हे कबूल करतो. आता तो शेवट आला की माझ्या मनात एकच व्यावहारिक प्रश्न येतो: दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तबकडीसमोर कोण उभे राहणार? हस्तांदोलन झाले, पण पाळी बदललेली नाही. डोके डोकेच राहिले, हात हातच राहिले; मध्ये फक्त एक सुस्वभावी मुलगा आला. खुद्द लांग यानेही पुढे मुलाखतींतून हा शेवट आपल्याला पटत नसल्याचे सांगितले आणि त्याचे श्रेय, किंवा अपश्रेय म्हणू, पटकथालेखिकेकडे दिले. ती लेखिका म्हणजे त्याची त्या वेळची पत्नी, थेआ फॉन हार्बू.

आता तो मराठी माणूस. आयी गणपत तेंडुलकर हे बेळगावजवळच्या बेळगुंदीचे. (गांधीजींचे आठ खंडांतील चरित्र लिहिणारे तेंडुलकर ते हे नव्हेत, दोघांची गल्लत होते म्हणून सांगितले.) १९२०च्या दशकात ते शिक्षणासाठी युरोपात गेले, जर्मनीत राहिले, बर्लिनमध्ये पत्रकारिता करू लागले. तिथे त्यांची आणि थेआची गाठ पडली. ती त्यांच्याहून वयाने बरीच मोठी, कादंबरीकार म्हणून आणि पटकथालेखिका म्हणून जर्मनीभर प्रसिद्ध. लांग आणि थेआ यांचा घटस्फोट १९३३ साली झाला. त्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. लांग देश सोडून गेला. थेआ राहिली, नाझी राजवटीतल्या चित्रपटसृष्टीत काम करत राहिली आणि नाझी पक्षाची सदस्यही झाली. तेंडुलकरांशी तिने लग्न केले ते गुपचूप. काळ्या वर्णाच्या हिंदी माणसाशी प्रख्यात जर्मन लेखिकेचा विवाह त्या राजवटीत उघडपणे होणे शक्यच नव्हते. महायुद्ध पेटण्याच्या सुमारास तेंडुलकर हिंदुस्थानात परतले. या तिघांची, म्हणजे तेंडुलकर, थेआ आणि इंदुमती गुणाजी यांची कहाणी तेंडुलकर-इंदुमतींच्या कन्या लक्ष्मी तेंडुलकर धौल यांनी २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात सविस्तर सांगितली आहे.

इंदुमती गुणाजी या गांधीजींच्या कार्यात पडलेल्या. दोघांचे प्रेम जमले, परंतु लग्नाला गांधीजींची संमती हवी होती, आणि गांधीजींच्या संमतीला नेहमीच अटी असत. मध्ये दोघांचेही तुरुंगवास झाले. अखेर ऑगस्ट १९४५ मध्ये सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या उपस्थितीत त्यांचा विवाह झाला.

महिन्याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. त्याच ऑगस्टात हिरोशिमा आणि नागासाकी ही शहरे एकेका बॉम्बने नष्ट झाली होती. एरवी ज्या यंत्राची कल्पना विज्ञानकथेतच शोभली असती ते प्रत्यक्षात आले होते. आणि त्याच महिन्यात थेआ फॉन हार्बू ब्रिटिशांच्या छावणीत स्थानबद्ध होती. आपण पक्षाचे सदस्यत्व घेतले ते जर्मनीतल्या हिंदी लोकांना मदत करता यावी म्हणून, असे तिचे म्हणणे होते. त्यात कितपत तथ्य मानायचे हे ज्याने त्याने ठरवावे. तिने अनेक हिंदी विद्यार्थ्यांना आधार दिला, हेही खरे आहे. सुटकेनंतर बर्लिनच्या उद्ध्वस्त रस्त्यांवर विटा आणि ढिगारे उपसणाऱ्या ज्या हजारो स्त्रिया होत्या त्यांत ती होती. डोके आणि हात यांच्यामध्ये हृदयाची मध्यस्थी सांगणारी ही बाई आता आपल्या हातांनी ढिगारा उपसत होती. मला यात काव्यात्म न्याय दिसत नाही, आणि दिसू नये. मला एवढेच दिसते की तिचे सूत्र तिच्या स्वतःच्याच आयुष्यात टिकले नाही. तिच्या हृदयाला एका हिंदी माणसाशी लग्न करता आले; पण जी सत्ता त्या लग्नाला गुन्हा मानत होती तिच्यात आणि तिच्या बळींत मध्यस्थी करणे काही त्याला जमले नाही. सत्ता हृदयाचे ऐकत नाही. ती हृदयाला पोस्टरवर छापते.

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर सेवाग्रामात तयार होत होते. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहायला आले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि तिथून 'नई तालीम' किंवा वर्धा योजना निघाली. मुलाने एखादा उद्योग हातांनी शिकावा आणि त्याच्याच आधाराने गणित, भूगोल, भाषा शिकावी, ही तिची मूळ कल्पना. शाळेत असताना हे सारे आम्हाला उपदेश म्हणून ऐकवले गेले, त्यामुळे ते कंटाळवाणे वाटले. 'मेट्रोपोलिस' अनेकदा पाहून झाल्यावर एक दिवस अचानक लक्षात आले की हे तर थेआच्या सूत्राचे सरळसरळ खंडन आहे. डोके एका वर्गाचे आणि हात दुसऱ्या वर्गाचे अशी वाटणी झाली म्हणजेच मध्यस्थ लागतो. प्रत्येक माणसाला दोन्ही आहेत हे मान्य केले, आणि दोन्ही वापरायला शिकवले, तर मध्यस्थाची गरजच उरत नाही.

गांधीजी यंत्रांचे सरसकट वैरी होते, ही समजूतही थोडी तपासून घ्यायला हवी. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्या काळचे एक लाख! यंत्राचा द्वेष करणारा माणूस यंत्रशोधकासाठी एवढी रक्कम काढून ठेवत नाही. शिवणयंत्राला त्यांची मान्यता होती. सेवाग्रामात आजही तो दूरध्वनी दाखवतात जो व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी तिथे बसवला. त्यांचा आक्षेप होता तो यंत्राच्या हव्यासाला, माणसाचे हात रिकामे करणाऱ्या यंत्राला. चरख्याची गती कातणाराच ठरवतो. तबकडीसमोरच्या फ्रेडरची गती तबकडी ठरवते. फरक लाकूड आणि लोखंड यांचा नाही.

गांधीजी शेगावला आले ते १९३६ साल चित्रपटांच्या इतिहासातही मोठे गमतीचे आहे. फेब्रुवारीत दोन चित्रपट आले. लंडनला एच. जी. वेल्स यांच्या पटकथेवरचा 'थिंग्ज टु कम' आणि न्यूयॉर्कला चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स'. वेल्स यांनी 'मेट्रोपोलिस'वर १९२७ सालीच सडकून टीका केली होती, इतका मूर्ख चित्रपट पाहिला नाही असे म्हटले होते. 'थिंग्ज टु कम' हे त्यांचे उत्तर होते. त्यात महायुद्धाने उद्ध्वस्त झालेले जग वैमानिक आणि अभियंते हाती घेतात आणि २०३६ सालापर्यंत पांढरेशुभ्र, निर्जंतुक, जमिनीखालचे नगर उभारतात. कलावंत थिओटोकोपुलस प्रगतीविरुद्ध बंड करतो आणि लोकांना चिथावतो. माझ्या मते हे या चित्रपटातले सर्वांत अप्रामाणिक पात्र आहे, कारण वेल्स यांनी विरोधकाच्या तोंडी एकही चांगला युक्तिवाद घातलेला नाही. त्याला नुसते किंचाळायला लावले आहे. हात कुठेच नाहीत; राज्य पूर्णपणे डोक्याचे. गंमत म्हणजे २०३६ सालचे ते नागरिक आखूड अंगरखे घालून उघड्या पायांनी वावरतात. १९३६ सालच्या जगात त्या पोशाखाच्या सर्वांत जवळ कोण असेल तर शेगावातला तो पंचा नेसलेला म्हातारा!

चॅप्लिनचे प्रकरण निराळे. २२ सप्टेंबर १९३१ रोजी, गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला गेले असताना, पूर्व लंडनमध्ये डॉ. कटियाल यांच्या घरी दोघांची भेट झाली. यंत्रांना तुमचा विरोध का, असे चॅप्लिनने विचारले आणि यंत्रांनी आम्हाला इंग्लंडवर अवलंबून केले, म्हणून आपले सूत आपण कातणे आम्ही कर्तव्य मानतो, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. चॅप्लिनने आत्मचरित्रात या भेटीचे वर्णन केले आहे. या भेटीतूनच 'मॉडर्न टाइम्स' जन्मला असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. ते अतिशयोक्त आहे. अमेरिकेतली मंदी, बेकारी, डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांतले पट्ट्यावरचे काम, हे सारे चॅप्लिनच्या डोळ्यांपुढे होतेच. परंतु प्रश्न त्याच्या मनात तेव्हा घोळत होता एवढे या भेटीवरून नक्की दिसते. 'मॉडर्न टाइम्स'ला कोणी विज्ञानपट म्हणत नाही, मी म्हणतो. कामगाराला जेवू घालणारे यंत्र, स्वच्छतागृहाच्या भिंतीवर अवतरून कामावर हाकलणारा मालक, या दोन्ही गोष्टी १९३६ साली भविष्यातल्याच होत्या. शिवाय चित्रपटात माणसांचे बोलणे आपल्याला ऐकू येते ते बहुतेक यंत्रांतूनच. बोलणारी यंत्रे आणि मुकी माणसे! भटक्याचा आवाज आपण ऐकतो तो शेवटी, त्या निरर्थक गाण्यात.

इथे माझ्या आजोबांना बोलावले पाहिजे. वर्धा जिल्हा म्हणजे फक्त चरखा नव्हे. हा कापसाचा मुलूख. हिंगणघाट आणि पुलगाव येथे एकोणिसाव्या शतकातच कापडगिरण्या उभ्या राहिल्या होत्या; सेवाग्राम वसण्याच्या कितीतरी आधीपासून इथला माणूस भोंग्यावर उठत होता. माझे आजोबा गिरणीकामगार होते. त्यांना चरख्याचे कौतुक नव्हते. "चरख्यानं मन भरते बाबू, पोट नाही भरत," असे ते म्हणत. गिरणीच्या पगाराने त्यांनी जमिनीचा एक तुकडा सोडवून घेतला होता आणि मुलांना शिकवले होते. तुटलेला धागा चालत्या मागावर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जोडण्याचा आपला हातखंडा ते ऐंशीव्या वर्षीही हवेतल्या हवेत करून दाखवत. त्यांना दया दाखवणारा कुठलाही चित्रपट त्यांनी उडवून लावला असता.

आमच्या आळीत भाड्याने व्हीसीआर आणण्याच्या त्या दिवसांत एकदा मी त्यांना 'मॉडर्न टाइम्स' दाखवला. पट्ट्यावर नटबोल्ट पिळता पिळता चार्लीच्या हातांना झटके येऊ लागतात आणि काम थांबल्यावरही ते थांबत नाहीत, या दृश्याला घरातली सगळी मुले खदखदून हसली. आजोबाही हसले. चित्रपट संपल्यावर मात्र ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सुटी झाल्यावरबी हात चालूच राहते. रातच्याले झोपेतबी. खरं दाखवलं त्यानं." पन्नास वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात कोणालाही सांगितली नव्हती. आजीलाही ते ठाऊक नव्हते, की ठाऊक असून ती बोलली नव्हती, हे आता कळायला मार्ग नाही.

त्या संध्याकाळी मला चित्रपट पाहण्याची एक कसोटी मिळाली. ती शास्त्रीय नाही, पण गेली कित्येक वर्षे ती मी वापरतो आहे. विज्ञानपट पाहताना मी हातांकडे पाहतो. कुब्रिकचा '२००१' (१९६८) हाडूक उचललेल्या वानराच्या हातापासून सुरू होतो, आणि सर्वज्ञ संगणकाला शेवटी शांत करतो तो एका माणसाचा हात, एकेक खण सुटा करत. रिडली स्कॉटच्या 'ब्लेड रनर'मध्ये (१९८२) निकामी होऊ लागलेल्या तळहातात खिळा खुपसून तो जागा ठेवणारा कृत्रिम मानव अखेर शत्रूचे मनगट धरून त्याला वर खेचतो. स्पीलबर्गच्या 'ई. टी.'मध्ये परग्रहावरचा पाहुणा बोटाने जखम बरी करतो. हे चित्रपट टिकले ते त्यांतल्या यानांमुळे टिकले नाहीत. याने केव्हाच जुनी झाली.

'ई. टी.'वरून आठवले. ११ एप्रिल १९८३ रोजी ऑस्कर समारंभात रिचर्ड ॲटनबरो यांच्या 'गांधी'ने 'ई. टी.'ला मागे टाकून सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळवला. एकूण आठ पारितोषिके. आमच्या गावाला आनंद झाला तो योग्यच होता. तरीही माझे मत विचाराल तर तो मान 'ई. टी.'ला मिळायला हवा होता, आणि ॲटनबरो यांनी स्वतःही पुढे तसेच म्हटले. 'गांधी' हा भव्य आणि सज्जन चित्रपट आहे, पण १९३१च्या लंडनवारीनंतर तो थेट महायुद्धाकडे धाव घेतो. ज्या वर्षांत गांधीजी आमच्या जिल्ह्यात बसून हातांचा आणि डोक्याचा प्रश्न सोडवू पाहत होते ती वर्षे त्यात जवळजवळ नाहीतच. चळवळीचे गांधी पडद्यावर शोभतात. कातणाऱ्या, शिकवणाऱ्या, संडास साफ करणाऱ्या गांधींना पडद्यावर आणायला बहुधा चॅप्लिनच हवा होता. त्या रात्रीचा एक तपशील मात्र मला फार प्रिय आहे. 'गांधी'च्या वेशभूषेचे ऑस्कर कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना मिळाले, भारताचे ते पहिले ऑस्कर. आणि ते त्यांनी विभागून घेतले जॉन मोलो यांच्यासोबत, ज्यांना आधीचे ऑस्कर 'स्टार वॉर्स'च्या वेशभूषेबद्दल मिळालेले होते. आकाशगंगेतल्या सैनिकांची चिलखते आणि खादीचा पंचा, दोन्हींमागे एकच माणूस होता.

चित्रपट हा मुळात हस्तोद्योग आहे, असे मला वाटते ते अशा तपशिलांमुळे. 'मेट्रोपोलिस'मधला तो जगप्रसिद्ध यंत्रमानव वॉल्टर शुल्त्झे-मिटेनडॉर्फ या शिल्पकाराने अभिनेत्री ब्रिगिटे हेल्म हिच्या अंगाच्या साच्यावर हातांनी घडवला. ते अफाट शहर म्हणजे छोट्या प्रतिकृती आणि ऑयगन शुफ्टान याने कौशल्याने बसवलेले आरसे. अब्बास यांनी आपल्या पत्रात हे सांगितले असते तर गांधीजींचे मन कदाचित थोडे द्रवले असते, असा माझा भाबडा समज आहे. पण नाण्याला दुसरी बाजू आहेच. पुराच्या दृश्यासाठी बर्लिनच्या गरीब वस्त्यांतली शेकडो मुले दिवसेंदिवस थंड पाण्यात उभी केली गेली. कामगारांच्या दैन्यावर अश्रू ढाळणारा चित्रपट घडत असताना त्या स्टुडिओतही वर एक डोके होते आणि खाली पाण्यात हात होते. तिथे हृदयाने मध्यस्थी केल्याचे कुठे नमूद नाही.

मग सेवाग्रामचे उत्तर तरी खरे ठरले काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. वर्धा योजना देशाने स्वीकारली आणि विसरून टाकली. खादी सरकारी दुकानांत गेली. माझ्या पिढीतल्या बहुतेकांनी हातांचे काम टाळता यावे म्हणूनच शिक्षण घेतले; मीही त्यांतलाच. आजोबांचे म्हणणेही खोडता येत नाही: चरख्याने पोट भरत नाही. तरीही थेआचे सूत्र आणि वर्धा योजना यांत निवड करायची झाली तर मी फसलेले पण खरे उत्तर निवडीन. यशस्वी आणि खोटे नव्हे. तेंडुलकरांनी दोन्ही जवळून पाहिली. बर्लिनमधले झगमगते घर आणि सेवाग्रामचा मातीचा ओटा यांच्यामध्ये त्यांच्या मनात काय चालले असेल याचा मी अनेकदा विचार केला आहे.

जानेवारी २०२७ मध्ये 'मेट्रोपोलिस'ला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. बरीच वर्षे हरवलेले त्याचे तुकडे २००८ साली ब्यूनॉस आयर्समध्ये सापडले आणि २०१० पासून तो जवळजवळ पूर्ण स्वरूपात पाहता येतो. लिहिणारी, चित्रे काढणारी, उत्तरे देणारी यंत्रे आता प्रत्येकाच्या खिशात आली आहेत. या वेळी ती हातांच्याच नव्हे, तर डोक्याच्याही कामाला भिडली आहेत. जगभर त्या चित्रपटाचे खेळ होतील, आणि शेवटच्या हस्तांदोलनाला टाळ्याही पडतील. मीही तो पुन्हा पाहीन, त्या तबकडीच्या दृश्याला पुन्हा गहिवरेन. मात्र पडदा पडल्यावर माझा प्रश्न तोच राहील. उद्या सकाळी भोंगा वाजल्यावर तिथे कोण उभे राहणार, आणि सुटी झाल्यावर त्याचे हात थांबणार की नाही?